एकाच घरातले दोन फॉर्म

लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. घरी शौचालय आहे का, आहे तर वापरता का, वापरता तर मग आत गोवऱ्या कशाला रचल्यात, असले प्रश्न मी हिंगोली जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत विचारले आहेत. म्हशी मोजल्या, बोअर मोजले, शाळा सोडलेली लेकरं मोजली. काम कंत्राटी असतं. ते संपलं की पुढच्या मोजणीची वाट बघत घरी बसायचं. माझा स्वभाव तापट आहे आणि अक्षर सुंदर आहे. स्वभावामुळे दोनदा काम गेलं आणि अक्षरामुळे दोन्ही वेळा परत मिळालं.

गेल्या हळदीच्या हंगामात मिळालेलं काम जरा वेगळं होतं. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसांचं जीवनमान मोजायचं होतं. आमच्या भागात या आजाराला कारणं कमी नाहीत. बायका तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसतात, पुरुष बिड्या ओढतात, आणि हळद शिजवून, वाळवून ढोलात पॉलिश करायची वेळ आली की अख्खं गाव पिवळ्या धुळीत खोकत असतं. श्वासाच्या नळ्या हळूहळू अरुंद होत जातात. आजार पुरता जात नाही, पण गोळ्यांनी आणि तोंडानं ओढायच्या पंपानं माणसाला बराच आराम पडतो.

हिंगोलीच्या एक डॉक्टरीणबाई या कामाच्या प्रमुख होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं ठाम. छातीत हवा किती जाते ते यंत्र सांगतं, त्या म्हणाल्या, पण धापेमुळे माणसाचं जगणं किती आखडलं ते त्या माणसालाच विचारावं लागतं. मला हे फार पटलं. विचारण्यासाठी एक फॉर्म होता. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच मार्क, आणि त्रास जितका जास्त तितके मार्क जास्त. ठरलेल्या आकड्याच्या वर बेरीज गेली की त्या माणसाला जीपनं हिंगोलीला न्यायचं, पूर्ण तपासायचं आणि वर्षभराचं औषध, पंपासकट, फुकट द्यायचं. नियम एकच होता आणि तो कडक होता. उत्तर रुग्णाच्या स्वतःच्या तोंडून आलं पाहिजे. नवरा, सासू, सरपंच, कोणीही मध्ये बोललं तर ते धरायचं नाही.

हा नियम करणाऱ्यानं आमच्याकडचं गाव पाहिलेलं नसावं.

माझ्या वाट्याला आलेलं गाव शिरड शहापूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत होतं. शाळेच्या व्हरांड्यात मला टेबल-खुर्ची दिली. पहिल्या रुग्णाला समोर बसवलं आणि त्याच्यामागे वीसेक माणसं येऊन उभी राहिली. फॉर्म कुणीतरी शहरात बसून शुद्ध मराठीत लिहिला होता. मी वाचलं, "एक जिना चढून गेल्यावर आपणांस धाप लागते काय?"

रुग्णानं मागे वळून गावाकडे पाहिलं. गावात जिना एकच, शाळेच्या नव्या खोलीचा, आणि तो पाच पायऱ्यांवर अर्धवट सोडलेला. याला तो चढवून बघा, असं कुणीतरी सुचवलं. आम्ही सगळे तिकडे गेलो. तो पाचव्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता कुठं जाऊ?"

मी पुढचा प्रश्न घेतला. "आजारामुळे आपण आपल्या छंदांपासून वंचित राहता काय?"

"छंद मंजे?"

"रिकाम्या वेळात आवडीनं करता ते."

"रिकाम्या टायमात म्या झोपतो."

"मग झोपेपासून वंचित राहता का?"

"न्हाई. लई झोपतो."

मागून त्याची बायको म्हणाली, "कामापासून वंचित राहतेत, तेवढं लिवा."

आपल्याला जगण्यात उत्साह वाटतो का, असं विचारलं की गावात दोन तट पडायचे. याला काय धाड भरली, परवाच्या लग्नात नाचून राहिला होता, असं एकजण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, आरं पर नाचून झाल्यावर तासभर बसला न्हाई का! मग वाद व्हायचा, मग समेट व्हायचा आणि सर्वानुमते तीन मार्क मंजूर व्हायचे. रुग्ण नुसता मान डोलवायचा. तिसऱ्या रुग्णाला माझा पारा चढला. मी पेन आपटून विचारलं, "जीवनमान यांचं मोजायचंय का गावाचं?"

भिंतीला टेकून उभा असलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाई, ह्याचं येगळं कुठून आलं?"

त्यानंतर मी एकेकाला वर्गात घेऊन, दार लावून प्रश्न विचारायला लागले. खिडक्यांना गज होते, पण पल्ले नव्हते, त्यामुळे गाव खिडकीत आलं. निदान बोलणं थोडं कमी झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडक्या रिकाम्या असताना, एक काका आपण होऊन आले. साठीच्या पुढचे, उंच, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाई, किती मार्काला जीपमंदी बसवता?"

"ते सांगता येत नाही काका. तुम्ही खरं खरं सांगा, मार्क मी देते."

"खरंच सांगतो. लई तकलीफ हाय."

आणि खरंच, इतकी सविस्तर उत्तरं मला कुणी दिली नव्हती. बाकीचे लोक 'कधी कधी', 'तसं काई न्हाई' यापुढे जात नसत. काकांच्या उत्तरांत दिवसाचं वेळापत्रक होतं. सकाळी अंगण झाडताना दोनदा बसावं लागतं. चूल फुंकली की खोकल्याची उबळ येते आणि डोळ्यांतून पाणी येतं. भाकरी थापताना तिसऱ्या भाकरीला दम लागतो, थापायचं थांबतं, मग जरा वेळानं पुन्हा सुरू होतं. लुगडं पिळताना जीव जातो.

"लुगडं?" मी विचारलं.

काका जरा अडखळले. "धोतर. लुगडं. जे असंल ते."

आता कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. पण माझं काय झालं, ते मी सांगते. वीस वर्षं मी या जिल्ह्यात घरोघरी फिरते आहे आणि वीस वर्षांत चुलीपुढे बसलेला पुरुष मी लग्नातल्या आचाऱ्याशिवाय पाहिलेला नाही. आणि इथे माझ्यासमोर साठीचा शेतकरी सांगत होता की मी झाडतो, थापतो, पिळतो. मला भरून आलं. माझ्या स्वतःच्या नवऱ्याला मिठाचा डबा दाखवावा लागतो. मी त्यांना प्रत्येक प्रश्नाला चार आणि पाच मार्क दिले आणि शेरा लिहायच्या जागेत सुंदर अक्षरात लिहिलं, 'घरातील सर्व कामे स्वतः करतात.'

फॉर्म झाल्यावर त्यांनी खाली अंगठा उठवला. शाळेत गेलो नाही कधी, म्हणाले.

त्याच संध्याकाळी गावच्या आशा कार्यकर्तीनं दिलेल्या यादीप्रमाणे मी एका घरी गेले. यादीत त्या घरच्या बाईपुढे 'खोकला, बरीच वर्षे' असं लिहिलं होतं. दारात पोचल्यावर कळलं की या तर काकांच्या मालकीण. काका ओट्यावर बसलेले होते. काकू बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, तोंडभर हसू. त्यांनी मला बाजेवर बसवलं, कोपऱ्यात कापड टाकून झाकलेली गॅसची शेगडी माझ्यासाठी उघडली आणि चहा ठेवला. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"काकू, चालताना दम..."

"न्हाई."

"खोकल्यामुळे..."

"न्हाई हो. बरं हाय समदं."

"घरातली कामं करताना..."

"कामं मंजे काय असतेत बाई घरात? काईच न्हाई."

माझा प्रश्न पुरा होण्याच्या आत त्यांचं उत्तर तयार असायचं. एकदा मध्येच त्या पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या. आल्या त्या गवती चहाची पात घेऊन. बेरीज झाली शून्य. एक मार्कही नाही. मी त्या शून्याभोवती नीट गोल काढला. अख्ख्या जिल्ह्यात इतकं उत्तम जीवनमान कुणाचं नव्हतं.

एकाच घरातले दोन फॉर्म. नवऱ्याचे मार्क गावात सर्वांत जास्त, बायकोचे सर्वांत कमी. ही गोष्ट मला खटकायला हवी होती, पण माझ्याकडे उलट सिद्धान्त तयार झाला. आठवड्याच्या बैठकीला हिंगोलीत मी उभी राहून तो मांडला. नवरा घरातलं सगळं काम करतो म्हणून त्याची छाती गेली. बायकोला काही करावं लागत नाही म्हणून ती ठणठणीत राहिली. म्हणजे आजार बाई-पुरुष बघत नाही, चूल बघतो, असं मी जोरात म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका सहकाऱ्यानं काकांचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा असं सुचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सत्काराचं पुढे बघू, आधी मी स्वतः येऊन त्यांची चाल-चाचणी घेते.

चाल-चाचणी म्हणजे सपाट जागेवर सहा मिनिटं आपल्या चालीनं चालायचं आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. दमलं तर थांबायची मुभा असते. ठरलेल्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन टोकांना दोन विटा ठेवल्या, घड्याळ लावलं आणि काकांना सोडलं. बघायला गाव होतंच.

पहिलं मिनिट काकांनी छान काढलं. कमरेवर हात, वाकलेली पाठ, दर चार पावलांना खोकला. माझा जीव कळवळला. मग गर्दीतून त्यांच्याच वयाचा एकजण, ज्याच्याशी त्यांचं बांधावरून जुनं वाकडं होतं, मोठ्यानं म्हणाला, "बुढ्ढा गेला आता कामातून."

काकांची पाठ सरळ झाली. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि ते असे सुटले की डॉक्टरीणबाईंना बाजूला व्हावं लागलं. विटेपाशी वळताना ते बांधवाल्याकडे बघून जात होते. सहा मिनिटं संपल्यावर त्यांना थांबवायला दोन माणसं लागली. बोटाला लावायचं यंत्र लावलं, आकडा उत्तम. फुंकायच्या यंत्रात ते असे फुंकले की डॉक्टरीणबाईंनी यंत्र तपासून पाहिलं.

"बाई, यांची फुप्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत," त्या मला म्हणाल्या. मग माझा शेरा वाचला. "स्वयंपाक करतात म्हणालात?"

गाव असं हसलं की वर्गातली कबुतरं उडाली. "हा? ह्याला चा बी येत न्हाई!" बांधवाला तर खाली बसला.

काकांचं नाव यादीतून उडालं. जीप सोमवारी जाणार होती आणि यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होती. डॉक्टरीणबाई जाताना मला एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी जरा जपून. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या बसमध्ये पुसेगावच्या एका बाईनं मला विचारलं, काहून रडता, आणि मी तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावाला गेले ती काकांना चांगलं फैलावर घ्यायला. कोणाचं तरी फुकट औषध लाटायला निघालेला माणूस, आणि मी त्याला आदर्श करून बसले होते. काय काय बोलायचं ते मी बसमध्येच ठरवलं होतं. गावात शिरले तर समोरच्या गल्लीतून काका आणि काकू चाललेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाकडे तरी बारसं होतं. काका पुढे आणि काकू दहा-बारा पावलं मागे, आमच्याकडे जुन्या माणसांत नवरा-बायको चालतात तसे. चारचौघांत ओरडायचं नाही म्हणून मी मागे मागे चालत राहिले.

काका पहिल्या घरापाशी थांबले. "काय भाजी केली?"

"तीच, सकाळी सांगितली ती," आतून आवाज आला.

वीस पावलांवर दुसरं घर. तिथे ओट्यावर एकजण दोरी वळत होता. काका थांबले. "बैल कसा हाय तुपला?"

"काका, बैल इकून साल झालं. कालबी तुमी इचारलं."

"व्हय व्हय. मंग म्हस?"

"म्हस कवाच नव्हती."

"बरं बरं," म्हणून काका निघाले. तिसऱ्या घरातल्या बाईनं त्यांना येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. काका बंद दाराशी थांबले आणि दाराला विचारलं, पोरगं परभणीहून आलं का. गावात सगळे त्यांना बडबड्या म्हणतात, हे मी ऐकलं होतं. माझ्या मनात आलं, अरे, म्हणजे यांना दम लागतो की काय? बोलायच्या निमित्तानं थांबतात की काय? कालची चाचणी चुकली की काय? माझी आशा पुन्हा जागी झाली.

पुढे घरं संपली. नुसता विजेचा खांब होता आणि खांबावर कसलीशी नोटीस चिकटवलेली. काका तिथेही थांबले आणि हात मागे बांधून ती नोटीस वाचायला लागले. अंगठा उठवणारा माणूस लक्ष देऊन नोटीस वाचत होता. त्यांची छाती शांत होती. ना धाप, ना खोकला. मी चक्रावले आणि तेव्हा कुठे माझं लक्ष मागे गेलं.

काकू दहा पावलांवर एका कुडाच्या भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. पदर तोंडाशी घट्ट धरलेला. खांदे वरखाली होत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर सोडला, चेहरा सारखा केला आणि चालायला लागल्या. त्यांच्या चपलेचा आवाज आला आणि काकांचं नोटीस वाचणं तिथेच संपलं. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी त्या रस्त्यात उभी राहिले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती आजही पुरती गेलेली नाही. शून्याभोवती मी गोल काढला होता.

बारशाच्या घरी काकू बायकांत गेल्यावर मी काकांना मांडवाबाहेर गाठलं. ठरवून आणलेलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही मला काकूंचं सांगितलं ना सगळं?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "खरंच सांगा म्हणला होता. खोटं काय सांगितलं?"

"दवाखान्यात का नेत नाही त्यांना?"

"नेलं की. दोनदा नेलं. डाक्टरानं इचारलं काय होतं, तर ही म्हणती काई न्हाई, यांनाच उगं वाटतं. डाक्टर माझ्याकडंच बघायला लागला." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बाई, दम लागतो म्हणली तर लोक काय म्हणतील? आमची सून काम करीना म्हणतील, न्हाई तर म्हणतील नवऱ्यानं राबवून खाल्ली. म्हणून ती बोलणार न्हाई. ती मरंल पर बोलणार न्हाई."

"मग रस्त्यात त्यांच्यासाठी सरळ थांबायचं. दम लागला का म्हणून विचारायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "बायकोसाठी थांबलो असं दिसलं तर दुसऱ्या दिशी ती घराभाईर पाऊल टाकंल का?"

"आणि औषध तुमच्या नावावर घेऊन काय करणार होतात?"

"तिला देणार होतो. फवारणीचा पंप बी गावात एकाचाच असतो. वापरतेत समदे."

मला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून राग आला. मी त्यांच्यावर ओरडले, की यादी आज संध्याकाळी बंद होते, नियम असा आहे की काकूंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरच त्यांचं नाव लागेल, आणि हे तुम्ही पहिल्या दिवशी मला सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता. मांडवातले लोक बघायला लागले. काका म्हणाले, "बाई, हळू बोला. लोक म्हणतील मीच काई केलं."

दुपारी चारला मी त्यांच्या घरी गेले. मुलगा आणि सून हळदीच्या कामावर होते. काकांना मी ओट्यावर बसवलं आणि बजावलं की आत यायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. मी दार लोटून घेतलं. काकू चुलीपुढे पीठ मळत होत्या. त्यांची नात, डोक्यावर दोन शेंड्या, त्यांच्या पदराला लोंबकळत होती. "आज्जी, घे की," तिचं एकच चाललं होतं. "मोठी झालीस आता तू," काकू म्हणाल्या. "मोठ्या पोरींना कोणी घेतं का?" ती रुसून धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली.

मी फॉर्म काढला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. पुन्हा तेच. न्हाई. काई न्हाई. बरं हाय. मी समजावलं, मी रागावले, मी म्हटलं की काकू मी सकाळी तुम्हाला कुडापाशी पाहिलं. त्या हसून म्हणाल्या, "पायात काटा गेला होता." त्यांना चांगलं खोटं बोलता येत होतं आणि मला चांगलं ओरडता येत होतं, आणि घड्याळ पुढे चाललं होतं.

शेवटी मी काकांचा फॉर्म काढला. हे नियमात बसत नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. मी तो मोठ्यानं वाचायला लागले. सकाळी अंगण झाडताना दोनदा बसावं लागतं. चूल फुंकली की उबळ येते आणि डोळ्यांतून पाणी येतं. पाण्याची कळशी उंबऱ्याबाहेर एकदा आणि उंबऱ्याच्या आत एकदा टेकवावी लागते.

काकूंचे हात पिठात थांबले. "हे कोणाचं हाय?"

"तुमच्याच घरातलं आहे. यजमानांनी सांगितलंय, स्वतःचं म्हणून."

"त्यांनी?"

"हो. धुणं पिळताना जीव जातो. गुडघ्यांत डोकं घालून बसलं की जरा बरं वाटतं. हे सगळं त्यांनी सांगितलं."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं, मग मागे ओढलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली. कधी वळून बघितलं न्हाई या माणसानं. मला वाटलं, दिसतच न्हाई." आणि मग एकदम चिडून, "आन् म्या यडी, कळू नये म्हणून मागच्या दारी जाऊन खोकते!"

मला वाटलं, आता रडतील. पण त्या चिडल्या त्या चिडल्याच. "लिवा," म्हणाल्या. "लिवा तुमी. अर्धं तर चुकीचं सांगितलंय त्यांनी. अंगण झाडताना दोनदा न्हाई, चारदा बसते. त्यांना दोनदाच ऐकू येत असंल." मी लिहायला लागले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. एकेका प्रश्नाला त्या स्वतः मार्क सांगायला लागल्या आणि मी चार म्हटलं की त्या म्हणायच्या, "पाच लावा. माझं मला ठावं."

सगळे प्रश्न संपले. मी पेन मिटलं.

"आन् एक लिवा," काकू म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. त्यांनी कणगीकडे पाहिलं. "हिला कडंवर घेत न्हाई मी. उचललं की छाती भरून येती. मोठी झालीस म्हणते तिला, रोज. दोन वर्सांची बी न्हाई ती."

ओट्यावर काका इतका वेळ कोणाशी तरी पावसापाण्याचं मोठ्यानं बोलत होते. ते बोलणं बंद झालं. दार ढकलून ते आत आले. मी त्यांना आत येऊ नका म्हटलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते कणगीमागे गेले, नातीला उचललं आणि आणून काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी पिठाचे हात तसेच वर धरले होते. पोरीनं दोन्ही हातांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"उचलायचं काम माझं," काका म्हणाले. ते काकूंच्या तोंडाकडे बघून बोलत होते, माझ्यासमोर, उघड्या दारात. "तू नुसती धर."

मी खाली मान घालून बेरीज करायला घेतली. मला ती तीनदा करावी लागली. ठरलेल्या आकड्याच्या ती बरीच वर गेली होती.